सरकून बसा

सोमवार, ३ नोव्हेंबर

नाशिकला आले. येवल्याहून सकाळच्या एसटीने निघाले. कुंभमेळ्यासाठी सगळीकडे रस्ते खणून ठेवलेत, तरी वेळेत पोचले. दवाखाना गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आहे. स्वच्छ, हवेशीर, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या नाहीत. वर, मागच्या बाजूला मला खोली, ओटा आणि छोटी गच्ची मिळाली आहे. आल्या आल्या गादी उन्हात टाकली, ओटा घासून काढला आणि मग चहा केला.

निवृत्त झाल्यावर बाईमाणसाने जपमाळ धरावी असं माझ्या भावाचं मत आहे. त्याला म्हटलं, तू धर. मुलींच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, अजून घसा शाबूत आहे. इथे काम समजावून सांगण्याचंच आहे. ज्यांचा चष्म्याचा नंबर फार मोठा आहे, लेझरने जाण्यासारखा नाही, अशांच्या डोळ्यांत इथे भिंग बसवतात. त्याआधी त्यांना सगळं नीट सांगायचं आणि त्यांना समजलं की नाही हे तपासायचं. डॉक्टर शेखर निरगुडे म्हणाले की लोक त्यांच्यापुढे नुसत्या माना डोलावतात. तुमच्यापुढे डोलावायची हिंमत करणार नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला हे बोलणं आवडलं.

गच्चीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. हवा कोरडी, थंड. झोप छान लागेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडलं. मी एक चित्र काढून घेतलं आहे, डोळ्याचा उभा छेद. त्यावर पट्टीने दाखवते. ही बाहुली. तिच्या मागे आणि आपल्या जन्माच्या भिंगाच्या पुढे हे मऊ भिंग घडी करून सरकवतात, ते आत उलगडतं. मधोमध बारीक भोक असतं, डोळ्यातलं पाणी वाहतं राहावं म्हणून. मग धोके. माप चुकून फार मागे टेकलं तर मोतीबिंदू लवकर येतो. फार पुढे आलं तर प्रेशर वाढून काचबिंदूची भीती. बुबुळाच्या आतल्या पेशी कमी होतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून दरवर्षी तपासणी चुकवायची नाही. जंतू गेले तर डोळाही जाऊ शकतो. दिव्याभोवती कडी दिसतात, त्यांची सवय होते. आणि नकोच झालं तर भिंग काढता येतं.

या शेवटच्या वाक्यावर सगळ्यांचे चेहरे सैल पडतात. काढता येतं म्हटलं की माणूस घालायला तयार होतो.

सिन्नरकडची एक आजीबाई नातवाला घेऊन आली होती. डॉक्टरांच्या नाकावरचा जाड चष्मा बघून मला म्हणाली, हलवाई स्वतःची मिठाई खात नाय, त्यातली गत दिसतीया. सगळी ओळ हसली. डॉक्टरही हसले. त्यांच्या डोळ्यात पुढची जागा उथळ आहे म्हणे, भिंग बसत नाही. असेल.

एकच गोष्ट खटकते. स्वागताला पल्लवी नावाची मुलगी आहे, कामाला चोख. पण प्रतीक्षागृहातल्या एखाद्या खुर्चीवर ती जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवते. आज खिडकीजवळ, काल दाराजवळ. माणसं भिंतीला टेकून उभी आणि रद्दी खुर्चीवर. मी गठ्ठा उचलून कपाटावर टाकला. पाणी पिऊन येते तर परत खुर्चीवर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक गंमत. भिंग बसवून वर्ष झालेली एक कॉलेजची मुलगी तपासणीला आली होती. जीन्स, गळ्यात ओढणी, केसांना लाल रंग, मोबाईलवर खिदळणं चालू. एकदम तिने मोबाईल खाली ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली, पाय जवळ घेतले आणि मान खाली घालून बसली. सासरे घरात आल्यावर नवी सून बसते तशी. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नव्हतं.

तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेला एक दांडगा माणूस, तोही भिंगवाला, त्याच क्षणी अर्धवट उठला आणि सरकून बसला.

दोघांची ओळख नव्हती. मी विचारून घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आठवडाभर लक्ष ठेवलं. नवीन रुग्ण, सोबतचे नातेवाईक, कोणी असं करत नाही. फक्त भिंग बसवलेले करतात. बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, पुरुष मांडी मोडून नीट बसतात. सगळे एका ठरावीक जागेपासून अंग चोरतात. आणि पल्लवीचा रद्दीचा गठ्ठा त्याच जागेवर असतो.

पल्लवीच्याही डोळ्यांत भिंगं आहेत, हे मला आज कळलं.

मला पहिला संशय नाटकाचा आला. मग ड्रॉप्सचा, पण वर्षापूर्वीच्या रुग्णांचे ड्रॉप्स कधीच बंद झालेत. शाळेत प्रयोग शिकवत होते, इथेही एक केला. दोन रुग्णांना एकामागून एक, एकमेकांना दिसू न देता, रिकाम्या प्रतीक्षागृहात नेलं आणि म्हटलं, कुठेही बसा. रद्दी मी आधीच उचलली होती. दोघांनीही वाट वाकडी करून तीच एक खुर्ची टाळली.

मग मी स्वतः तिच्यावर बसायला गेले. पल्लवीने धावत येऊन माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. फोन आलाय म्हणाली. फोन नव्हता.

मी तिला आत बोलावून झाडलं. मग म्हणाली की तिथे ते बसलेले असतात. ते म्हणजे कोण, तर माहीत नाही. पाठमोरे असतात, पांढऱ्या कपड्यांत, वयस्कर. भिंग बसवल्यावर थोड्या दिवसांनी सगळ्यांनाच दिसतात. इथे दिसतात, घरी दिसतात, लग्नाच्या मांडवातही दिसतात. काही करत नाहीत. जागा दिली की झालं.

सवय होते, असंही म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बहीण उज्वला आज निकिताला घेऊन आली. मला आधी काहीही न सांगता. निकिता तिची एकुलती एक. चष्म्याचा नंबर उणे बारा. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा सार्थक, त्याच्याशी तिचं ठरलं आहे, माघात लग्न. बघायला आले तेव्हा पोरीला कॉन्टॅक्ट लेन्स घालून बसवलं होतं. जाड चष्म्याचं अजून त्यांना माहीत नाही. आता उज्वलाला तो चष्माच नाहीसा करायचा आहे.

मी दोघींना सांगितलं की खोट्यावर संसार उभा करू नका. उज्वला म्हणाली, तुला काय जातंय, तू लग्नच केलं नाहीस. निकिताने आईला चिमटा काढला आणि मला म्हणाली की मावशी, मला फक्त सकाळी उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसायला हवंय. पोरगी लहानपणापासून अशीच, थोडक्यात बोलणारी.

पल्लवीचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार काय? पाठमोरा म्हातारा दिसतो म्हणून? मी विज्ञान शिकवलं आहे. मी धोके सांगितले, जे पुस्तकात आहेत ते सगळे. सगळी मापं उत्तम निघाली.

आधी डावा डोळा, मंगळवारी. उजवा पुढच्या आठवड्यात.

बुधवार, २६ नोव्हेंबर

काल शस्त्रक्रिया झाली. चहा होतो तेवढ्या वेळात आटोपली. संध्याकाळी डोळ्याचं प्रेशर वाढलं, कपाळ ठणकत होतं. डॉक्टरांनी थोडं पाणी काढलं आणि ते उतरलं. असं होतं कधीकधी, मी स्वतःच लोकांना सांगते.

सकाळी पट्टी काढली. निकिताने माझ्या गच्चीतून पांडवलेणी पाहिली, एका डोळ्याने, चष्म्याशिवाय. मग म्हणाली की डोंगराला कडा असतात हे मला माहीतच नव्हतं.

मला रडू आलं असं मी लिहिणार नाही. कांदा चिरत होते.

उज्वला येवल्याला परत गेली. उजव्या डोळ्याचं होईपर्यंत निकिता माझ्याकडे राहील.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तपासणीसाठी तिला खाली नेलं. प्रतीक्षागृहाच्या दारात पाऊल टाकलं आणि निकिताने ओढणी डोक्यावर घेतली.

वर आल्यावर तिनेच सांगितलं. डावा डोळा झाकला की कोणी नाही. उजवा झाकला की ते आहेत. तिने दोन-तीनदा करून पाहिलं. पाठमोरे आहेत हे खरं, पण पूर्ण पाठमोरे नाहीत. कानाची पाळी दिसते.

जेवताना ती ताट घेऊन माझ्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. का, म्हणून मी विचारलं नाही.

सोमवार, १ डिसेंबर

डॉक्टरांना धारेवर धरलं. प्रकाशाची कडी, मेंदूची सवय, भोकातून होणारं परावर्तन, सगळं सांगून झालं त्यांचं. मी म्हटलं, परावर्तनाला कानाची पाळी असते का? तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. मग एवढंच म्हणाले, "सगळे तेच सांगतात, बाई. पण कोणाची दृष्टी बिघडलेली नाही. यात मी काय नोंद करू?"

म्हणजे माहीत आहे. म्हणून स्वतःच्या डोळ्यात घातलेलं नाही. उथळ जागा म्हणे.

उजवा डोळा होणार नाही असं मी बजावलं. आणि डाव्यातलं काढा. काढता येतं ना? रोज माझ्याच तोंडून वदवता.

पल्लवी मध्ये पडली. काढू नका म्हणाली, हात जोडले. कारण विचारलं तर रडायला लागली. या मुलीला दवाखान्याची बाजू सांभाळायचा पगार मिळतो. तिचं ऐकण्यात अर्थ नाही.

निकिताला नको होतं. डोंगर परत पुसट होईल म्हणाली. ते काही करत नाहीत, मावशी, मी जागा देईन त्यांना. हे ऐकून माझा निश्चय पक्का झाला. चोवीस वर्षांची मुलगी जन्मभर कोणाला तरी जागा देत राहणार? उज्वलाला फोन केला. ती लग्न मोडेल म्हणून ओरडली. मी म्हटलं, मोडू दे.

बुधवार, ३ डिसेंबर

माझ्या हट्टापुढे निकिताने सही केली. भिंग काढलं. बशीत तरंगताना पाहिलं. माशाच्या खवल्यासारखं, काहीच नाही त्यात.

निकिता जुना चष्मा उशाशी ठेवून निजली आहे. प्रतीक्षागृहातून येताना ती सरळ चालत आली. कुठे वळली नाही, ओढणी घेतली नाही. मला हलकं वाटलं.

फक्त पल्लवी भिंतीला चिकटून उभी होती. आणि निकिताकडे नाही, तिच्या मागे पाहत होती.

शुक्रवार, ५ डिसेंबर

ओझरच्या कारखान्यातला योगेश म्हणून एक फिटर आला. दोन्ही भिंगं त्याने उन्हाळ्यात काढून टाकली होती. आता परत घाला म्हणून डॉक्टरांच्या दारात अडून उभा आहे. डॉक्टर नाही म्हणतात, बुबुळाच्या पेशी फार कमी झाल्या आहेत.

मी त्याला चहा दिला. तो उभ्यानेच प्यायला. बस म्हटलं तर नको म्हणाला. बसलो की उठवत नाय, बाई. अंग जड होतं, दिवस निघून जातो. बायको हलवून हलवून उठवते.

मी विचारलं, दिसत नाहीत ना आता, मग त्रास कसला?

तो म्हणाला, "दिसत होते तवर मी सरकत होतो. दिसायचं बंद झालं आन् मी कुठंबी बसाया लागलो. ते सरकत नाय, बाई. सरकायचं आपुनच."

मी म्हटलं, इथे शेकडो लोक येतात, भिंगं नसलेले. ते बसतातच की कुठेही.

तो म्हणाला की त्यांना ते काय करत नाय. त्यांनी कधी पाह्यलंच नाय. आपली ओळख झालेली. लग्नात अनोळखी माणूस पुढनं गेला तर कोण रुसतं का? पण ओळखीचा, काल पाया पडलेला, आज पायावर पाय देऊन गेला, तर?

चहा अर्धा ठेवून गेला.

निकिता वर खुर्चीत बसली होती. सकाळी बसवली तशीच. उठवलं तर उठली. डोळे चोळत म्हणाली की आत्ताच तर बसले.

रविवार, ७ डिसेंबर

गाद्या, खुर्ची, स्टूल, सगळं हलवून पाहिलं. तिला सारखी उभी ठेवते. किती वेळ उभी राहील? पाय सुजले. जरा टेकली की—

दुपारी गच्चीत उन्हात बसली. हाका मारल्या. डोळे उघडे, ओ नाही. दोन्ही हातांनी ओढलं. माझ्या निकिताचं वजन एवढं नाही.

उठल्यावर तिने स्वतःहून डोक्यावर ओढणी घेतली आणि चारी भिंतींना वाकून नमस्कार केला. मावशी, कुठे आहेत ते? मी कुठल्या बाजूला मान देऊ?

मी विज्ञान शिकवलं. मीही वाकले. तिच्यासोबत, चारी बाजूंना.

सोमवार, ८ डिसेंबर

डॉक्टरांना म्हटलं, परत घाला. आत्ता. डोळा लाल आहे, आत सूज आहे, प्रेशर चढलेलं. महिनाभर हात लावता येणार नाही म्हणतात. बळजबरी केली तर डोळा जाईल.

मग माझ्या डोळ्यात घाला. निदान मला दिसतील, मी तिला सांगेन. माझं वय बसत नाही. मोतीबिंदूचं वेगळं भिंग असतं, त्यातून कोणालाच दिसलेलं नाही. त्यांनी विचारून पाहिलं आहे. म्हणजे सगळ्यांना विचारून पाहिलं आहे.

मी म्हटलं, हे माहीत असून काढलंत कसं? ते म्हणाले, "तुम्ही ऐकत होता का कोणाचं?"

उज्वलाला फोन लावला. काय सांगू म्हणून ठेवून दिला.

मंगळवार, ९ डिसेंबर

आज उठलीच नाही. खुर्चीत आहे. पाणी चमच्याने. गिळते.

मघाशी तिने मावशी अशी हाक मारली. आवाज खोल, खालून आल्यासारखा—

पल्लवीला बोलावलं. ये, नुसतं बघ, बोट दाखव, मी खुर्ची सरकवते, पोरीला सरकवते, काय करायचं ते करते. नाही म्हणाली. पाया पडले तिच्या. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. उद्या येते म्हणाली.

बुधवार, १० डिसेंबर

ऊन खोलीभर. पल्लवी आली. उंबऱ्यातच थांबली, ओढणी डोक्यावर. मान खाली. मी म्हटलं, बोट दाखव.

तिने खुर्चीकडे दाखवलं. म्हणाली की आता पाठमोरे नाहीत.

मी म्हटलं, ठीक. मग निकिताला उचलून कुठे बसवू? डावीकडे की उजवीकडे?

पल्लवी इकडेतिकडे बघायला लागली. ओट्याकडे. गच्चीच्या दाराकडे. मग हळूच म्हणाली, "पण निकिता आहे कुठे, बाई?"

गेली. पळत. जिन्यात पडल्याचा आवाज—

निकिता इथेच आहे. खुर्चीत. मला दिसते आहे. चष्मा, निळा ड्रेस, सगळं. तिचा हात धरला आहे डाव्या हाताने, सोडणार नाही, उजव्याने लिहिते. उबदार आहे. म्हणजे जिवंत आहे. बघून लिहिते, निकिताचाच हात, नखांना पॉलिश. डोळे मिटले की मात्र बोटं लांब लागतात. कातडी सैल. मनगटावर केस. उघडले की निकिता. मिटले की—

दाबला त्यांनी माझा हात. मी मान दिलेला आहे, रविवारी, चारी बाजूंना वाकून, म्हणजे माझीही ओळख—

उठायला हवं. मी कधी बसले